पावसाळी सहल चोर्ला (फक्त कामाचे मेसेज)

जोशी काकू ए-२०१: इको-रिसॉर्टचा कागद आत्ता नीट वाचला. एसी नाही, टीव्ही नाही, खोलीत वायफाय नाही. मग एवढे पैसे कशाचे ओ? अॅडव्हान्स द्यायच्या आधी कुणी विचारलं काय?

सेक्रेटरी: काकू, नमस्कार. मीटिंगमध्ये सगळं वाचून दाखवलं होतं. आपण मधेच उठून गेलात.

जोशी काकू ए-२०१: मीटिंग तासभर उशिरा सुरू झाली म्हणून गेले.

देसाई काका बी-१०२: पाणी सोलरवर तापतं म्हणे. जुलैत चोर्ल्यात ऊन कुठलं? गरम पाण्याचं काय?

मंदार सी-३०३: तिथं एसी कशाला लागतोय? पावसात अंथरूणसुद्धा दमट असतंय.

स्नेहा वहिनी बी-३०१: जळवा असतात ना? मुलं येणार आहेत 😟

मंदार सी-३०३: असतात की. पाचोळ्यात, ओल्या गवतात. घट्ट विणीचे लांब मोजे घाला, पँट मोज्यात खोचा. चिकटली तर ओढू नका, नखानं तोंडाकडून बाजूला सारा. ती रक्त गोठू देत नाही, म्हणून नंतरही थोडा वेळ वाहतंय. घाबरायचं नाही.

पाटील मामा ए-१०१: मीठ टाका, सुटते. आमच्या आजोळी खानापूरला तेच करायचे.

मंदार सी-३०३: मामा, मिठानं ती पोटातलं जखमेत ओकते. नको.

पाटील मामा ए-१०१: आम्ही जगलोच की मग.

जोशी काकू ए-२०१: म्हणजे पैसे भरून रक्तदान 🙏

देसाई काका बी-१०२: सोलरचं कुणी बोलत नाही. गरम पाण्याचं काय?

सेक्रेटरी: प्लास्टिकच्या बाटल्या गेटवरच ठेवून घेतात. प्रत्येकानं स्टीलची आणावी.

पाटील मामा ए-१०१: काचेची चालते काय? 😄

सेक्रेटरी: मामा, कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. गोव्याकडचं काही बसमध्ये नको. ग्रुपवर बायका आहेत.

स्नेहा वहिनी बी-३०१: बायकांना सगळं माहीत आहे.

कुलकर्णी सर सी-१०२: इको कसलं? डोंगर कापून पार्किंग केलंय. सांडपाणी कुठं सोडतात, विचारलंत काय? मलप्रभा कणकुंबीलाच उगवते, म्हादईही त्याच रानातली. खालच्या गावांना तेच पाणी.

सेक्रेटरी: सर, मग आपलं नाव काढू का?

कुलकर्णी सर सी-१०२: नाव काढा म्हटलेलं नाही. विचारा म्हटलंय.

स्नेहा वहिनी बी-३०१: वाघ आहे का तिकडे? मुलगा विचारतोय.

मंदार सी-३०३: शेजारी भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली झालं, सुमारे १९० चौरस किमी. वाघ आहे, पण दिसायचा नाही. त्याला सांगा, रात्री दिवे बंद ठेवले तर कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो, बुरशीचा. आणि बेडूक इतके ओरडतात की झोप लागत नाही.

जोशी काकू ए-२०१: घरी शेजारचा टीव्ही, तिथं बेडूक.

पाटील मामा ए-१०१: शेजारी म्हणजे आम्हीच ना ओ?

देसाई काका बी-१०२: गरम पाण्याचं काय?

सेक्रेटरी: काका, पाऊस असला की लाकडावर बंब पेटवतात, सकाळी बादलीनं मिळेल. नावं गुरुवारपर्यंत द्या.

कुलकर्णी सर सी-१०२: लाकूड जाळून इको 👏

जोशी काकू ए-२०१: आमची दोन नावं घाला. बसमध्ये पुढची सीट.

स्नेहा वहिनी बी-३०१: पुढची सीट घाटात उलटी होणाऱ्या मुलांना. आंबोलीला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

जोशी काकू ए-२०१: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

पाटील मामा ए-१०१: वाचला ओ आम्ही.