तुमच्या मनातला गेम कुठला, जो कोणी बनवतच नाहीये?

लालडबा_फॅन
मंडळी, रविवारी दुपारभर युरो ट्रक सिम्युलेटर खेळत बसलो होतो, जर्मनीतल्या कुठल्यातरी हायवेवर पाऊस, वायपर चालू, ट्रकमध्ये चीज की काय ते भरलेलं, आणि मधेच डोक्यात आलं की मी हे का करतोय, मला तर वरंधा घाटातनं एसटी काढायचीये. भोरवरनं निघायचं, जुलै महिना, धुकं इतकं की पुढचा दगड दिसला तर नशीब, वळणावर म्हशी उभ्या, समोरनं टेम्पो आला की कोणी मागे घ्यायचं यावर पाच मिनिटं, आणि खाली महाडला उतरेपर्यंत दरड पडली नाही म्हणजे मिळवलं.

बस सिम्युलेटर इंडोनेशिया या गेममध्ये लोकांनी एसटीचे मॉड (म्हणजे खेळणाऱ्यांनीच केलेले बदल) टाकलेत माहितीये, मी पण खेळलोय. पण लाल रंग फासला म्हणून लालपरी होत नाही ना, बाहेर बघावं तर रस्ता इंडोनेशियाचा. खिडकीची काच खडखडत नाही, काही नाही.

तर तुमचा असा गेम कुठला ते सांगा. एकच अट, 'जीटीए पण मुंबईत' कोणी लिहायचं नाही. जीटीएचा व्हाइस सिटी सायबर कॅफेत तासावर खेळायचो तेव्हापासून ऐकतोय ते.

पेटीवाल्याचा_पोरगा
भाऊ कल्पना झकास पण तू चुकीच्या सीटवर बसलायस. एसटीचा गेम ड्रायव्हरचा नाहीच, कंडक्टरचा आहे. माझे वडील कंडक्टर होते म्हणून सांगतो.

पेपर्स प्लीज खेळलायस का, २०१३ चा? सीमेवरचा एक कारकून, समोर टेबल, लोक येतात, कागद तपासायचे, शिक्का मारायचा, बस एवढाच गेम आणि तरी घाम फुटतो. आता तोच माणूस चालत्या गाडीत उभा कर. आठवडी बाजाराचा दिवस, सीटं भरलेली, तेवढेच लोक उभे, आणि पुढचा टप्पा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं झाली पाहिजेत. टप्पा सहा किलोमीटरचा. एक आजोबा म्हणतायत पंच्याहत्तर झाली, फुकट द्या, म्हणजे आधार कार्ड बघणं आलं, आणि कार्डावर तारीख १ जून, कारण निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींनी १ जूनच लावलाय (एसटीचा पण तोच हा, १ जून १९४८, पुणे ते नगर पहिली गाडी). पासष्टच्या वर हाफ, पंच्याहत्तरच्या वर मोफत, २०२३ पासून बायकांना सगळ्यांना हाफ, पाच ते बारा वर्षांच्या पोरांना हाफ, आणि एक बाई छातीठोकपणे सांगणार की पोरगं अजून चारचंच आहे, आणि पोरगंच मधे बोलणार, 'आई मी दुसरीत आहे ना.' आता तू काय करणार? हा खरा गेम.

आणि सुट्टे! सुट्ट्यांवरच एक अख्खी लेव्हल होईल. सगळे पाचशेची नोट काढणार, तू तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून देणार, आणि उतरताना तीन जण एकदम हात पुढे करणार. एकाला विसरलास की त्याची शिवी पुढच्या स्टॉपपर्यंत ऐकू येणार. मधेच चेकर गाडी थांबवणार, एक जरी माणूस विनातिकीट सापडला तर रिपोर्ट तुझ्यावर. संध्याकाळी डेपोत वेबिल आणि कॅश जुळली पाहिजे, कमी पडले तर खिशातनं भर. आमच्या घरी वडील आले की आई आधी चेहरा बघायची, मग चहा टाकायची की नाही ते ठरायचं असं नाही, पण साखर किती टाकायची ते ठरायचं.

वस्तीच्या गाडीवर असले की पैशाची बॅग उशाला घेऊन मागच्या सीटवर झोपायचे. गावातलं कोणीतरी पिठलं-भाकरी आणून द्यायचं. तो कट सीन मला पाहिजे, त्यात काही घडायला नको, नुसता बेडकांचा आवाज आणि अंधारात उभी गाडी.

लालडबा_फॅन
ठरलं. ड्रायव्हर कॅन्सल. मी फक्त डबल बेलचा आवाज ऐकायला हा गेम विकत घेईन.

घाटवाटांचा_नाद
माझा गेम बहिर्जी नाईक. पण तलवार घेऊन शंभर जण कापत सुटायचा नाही हां. घोस्ट ऑफ त्सुशिमा, तो जपानी सामुराईचा गेम, २०२० मध्ये आला तेव्हापासून प्रत्येक जण म्हणतो आपलं पण असं पाहिजे, पाहिजेच, पण मला मारामारीत रस नाही. हेर आहेस तर हेरासारखा खेळ. गोसावी होऊन छावणीत शीर, घोडे मोज, तोफा किती, पखालीवाले पाणी कुठनं आणतायत, आणि ते सगळं डोक्यात ठेवून परत ये. कागदावर लिहायचं नाही, सापडलास तर संपलं. परत आल्यावर तुला आकडा विचारणार, आणि तू जो सांगशील त्यावर पुढची लढाई उभी राहणार. चुकीचं सांगितलंस तर गेम ओव्हर पण येणार नाही, फक्त दोन तासांनी चुकीच्या खिंडीत माणसं वाट बघत बसलेली दिसतील.

१६६१ ची उंबरखिंड घ्या. मुघलांचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन बोरघाट टाळून आडवाटेनं कोकणात उतरायला निघाला आणि खाली खिंडीत कोंडला गेला. लढाई फार थोडा वेळ, पण तो नक्की कुठल्या वाटेनं उतरणार हे आधी कळलं तरच त्या लढाईला अर्थ. मी त्या खिंडीत उभा राहिलोय, दोन्ही बाजूला झाडी, खाली ओढा, आवाज सुद्धा अडकतो तिथे. चावणी गावातनं चालत जायचं, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जाऊन या, गेम येईल तेव्हा येईल.

आणि एम्पायर टोटल वॉरमध्ये २००९ पासून मराठे आहेत हे कोणी सांगू नका, मी खेळलोय, मी त्यात लंडन घेतलंय. मजा आली. पण नकाशावर फौज सरकवणं वेगळं आणि घाट उतरणं वेगळं.

रिस्टार्ट_मारा
यातली एक गोष्ट बरोबर पकडलीस, महाराज स्वतः प्लेअर कॅरेक्टर नकोत. कारण प्लेअर म्हणजे आपण, आणि आपण काय करतो, ट्युटोरियल संपायच्या आत कड्यावरनं उडी मारून बघतो की मरतो का. तो व्हिडिओ कोणीतरी टाकणार आणि संध्याकाळी स्टुडिओबाहेर गर्दी. मावळा करा, हेर करा, गडावरचा पाणक्या करा. राजगडावर पद्मावती माचीवरनं बालेकिल्ल्यावर पाणी नेणं हाच एक हार्ड मोड आहे.

कुरडई_राखणदार
तुम्ही सगळे घाट नि खिंडी घेऊन बसलात, माझा गेम आमच्या गच्चीवरच होतो 😄

मे महिना, वाळवणं घातलीयेत, कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, जुन्या साडीवर. लहानपणी आजी मला काठी देऊन बसवायची, कावळे हाकल म्हणून, आणि अर्ध्या कुरडया ओल्या असतानाच मीच खायचे. तर गेममध्ये तुम्ही राखण करणारी मुलगी नाही, तुम्ही कावळा. अनटायटल्ड गूज गेम आठवतोय का, २०१९ चा, हंस गावभर लोकांना छळतो तो? तसाच. पहिल्या लेव्हलला पापड्या पळवा. दुसरीला शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा. मग मच्छीबाजार, तिथे मांजरी आहेत, कठीण.

आणि शेवटची लेव्हल नदीचा घाट, कोणाचा तरी दहावा. आयुष्यभर ज्यानं तुम्हाला काठीनं हाकललं त्याचाच. पिंड ठेवलाय, सगळे लांब उभे, हात जोडून तुमच्याकडे बघतायत, आणि आता तुम्हाला शिवायचं नाहीये. फांदीवर बसायचं आणि ऐकायचं. मुलगा म्हणतो, 'आईला मी सांभाळीन.' नाही शिवायचं. धाकटा म्हणतो, 'जमिनीचं भांडण मिटवतो.' तरी नाही. कोणीतरी मागनं म्हणतं, 'अहो त्यांना ती तपकिरीची डबी ठेवा.' जितका वेळ धराल तितक्या घरातल्या गोष्टी बाहेर येतात, म्हणजे कथा तुमच्या न शिवण्यानंच उलगडते. पण फार ताणलं तर गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा करणार आणि त्याला शिवायला लावणार, आणि तुम्ही हरलात.

आमच्या आजोबांच्या वेळी खरंच पाऊण तास शिवला नव्हता. शेवटी माझ्या आत्यानं, जी वडिलांशी सहा वर्षं बोलत नव्हती, तिनं पुढे होऊन काहीतरी पुटपुटलं. काय ते तिनं अजून सांगितलेलं नाही. कावळा आला.

लालडबा_फॅन
ताई, मी ऑफिसात हे वाचून आधी हसलो आणि मग बाथरूममध्ये जाऊन आलो.

श्टुटगार्टचा_सदू
मला कुठलाही चालेल, फक्त त्यात लोक मराठीत बोलले पाहिजेत. हिटमॅन २ मध्ये मुंबईची लेव्हल आहे, २०१८ ची, गल्ल्या, गर्दी, अर्धवट बांधलेला टॉवर, फिरायला फार भारी, पण एक जण 'ओ दादा, जरा सरका' म्हणत नाही. गर्दीत आहे आणि मराठी ऐकू येत नाही हे मला इथे रोजचंच आहे, त्यासाठी मुंबई कशाला पाहिजे. वेन्बा खेळलात का कोणी? २०२३, कॅनडातलं तमिळ कुटुंब, आईचं फाटकं पाककृतीचं पुस्तक आणि गायब झालेल्या ओळी जुळवून स्वयंपाक करायचा. दोनेक तासांत संपतो. मला तमिळ येत नाही तरी त्या इडलीनं मला रडवलं. कोणीतरी पुरणपोळीचा करा, पुरण सैल झालं की आज्जी स्क्रीनमधनं ओरडली पाहिजे.

बिल्ड_फेल
मी या धंद्यात आहे, पुण्यात, त्यामुळे थोडं पाणी ओततो. राजी नावाचा गेम २०२० मध्ये आला, पुण्यातल्याच छोट्या टीमनं केला, आधी लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता तरी वर्षानुवर्षं चिकटून राहून पूर्ण केला. इतकं करून खेळायला जेमतेम पाच-सहा तासांचा गेम. उघड्या सह्याद्रीत फिरणारा बहिर्जी करायचा म्हटलं तर शेकडो माणसं आणि तेवढाच पैसा, आणि पैसेवाला पहिला प्रश्न विचारतो, हा अमेरिकेत कोण खेळणार. वरंधा घाटाचंही तेच, धुकं स्वस्त असतं पण धुक्याआडचा घाट नाही.

पण कंडक्टर होण्यासारखा आहे. जागा एकच, गाडीच्या आतली. खिडकीबाहेरचं चित्र नुसतं सरकवायचं. खरं काम लिहिण्याचं, दीडदोनशे प्रवासी आणि प्रत्येकाची एकेक थाप. स्टारड्यू व्हॅली एका माणसानं चारेक वर्षं बसून एकट्यानं केला, चित्रं, संगीत, कोड सगळं, तेव्हा माणसं कमी आहेत हे कारण मला देता येत नाही, आळस आहे हे देता येतं.

कावळ्याचं मात्र झोपू देईना म्हणून काल रात्री गोडो (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसलो. गोडो फुकट आहे, कोणाला शिकायचं असेल तर विचारा. पोझिशन अशी आहे की कावळा उडतो, फांदीवर बसतो, मान वाकडी करून बघतो, पापडी उचलतो. पिंडाला मात्र शिवत नाहीये. पहाटे तीनपर्यंत शोधलं, बग आहे का त्याची काही इच्छा राहिलीय कळेना.

कुरडई_राखणदार
अरे मग हात जोडून सांग ना त्याला, 'अर्धवट सोडणार नाही, दिवाळीपर्यंत रिलीज करतो.' लगेच शिवेल.

बिल्ड_फेल
सांगितलं. दर्भ आणायला निघालोय.