पावसाळ्यात तुटणारा रेडिओ दुवा
पावसाळ्यात रेडिओ दुवा, म्हणजे दोन ठिकाणांमधली बिनतारी जोडणी, तुटू लागला की पावसाने सिग्नल क्षीण होतो, म्हणून प्रेषणशक्ती वाढवावी, असे सुचवले जाते; हे मत मला पटत नाही. पावसाच्या थेंबांमुळे होणारी घट साधारणतः १० गिगाहर्ट्झच्या पुढच्या वारंवारतेवर जाणवू लागते. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती नगण्य असते, आणि तिथे प्रेषकाला १ वॉटची मर्यादाही आहे.

नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्यात पंपघर ते टाकी हा सुमारे दोन किलोमीटरचा दुवा असाच जुलैत तुटू लागला, तेव्हा आम्हीही आठवडाभर सेटिंगच चाळत बसलो होतो. अखेर खांबावरचा एन-टाइप कनेक्टर, म्हणजे अँटेनाच्या केबलचा आट्यांचा जोड, उघडला, तर आत पाणी साचलेले आणि केबलची तांब्याची जाळी हिरवी पडलेली. वरची साधी इन्सुलेशन टेप नाशिकच्या उन्हाळ्यातच सुटली असावी. केबल बदलून जोडावर एकजीव होणारी रबरी टेप ताणून, खालून वर अशी गुंडाळली, म्हणजे पाणी पदराखाली न शिरता ओघळून जाते. सिग्नल उणे १०१ डीबीएमवरून (हे सिग्नलच्या ताकदीचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार) उणे ७८ वर आला, तोही भर पावसात, शक्तीच्या सेटिंगला हात न लावता.