सागवानावर चिकटवलेला नक्षीचा कागद कापता कापता सुटतो, काय करावं?

चित्रकलाबाई, अंबाजोगाई

नमस्कार. मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. ३१ वर्षं पोरांच्या वहीतल्या वाकड्या रेघा सरळ केल्या, आता माझीच रेघ कागदासकट हातची जातेय.

निवृत्तीच्या पैशातून मी स्क्रोल सॉ घेतली, म्हणजे बारीक पात्याची, लाकडात नक्षी कापायची विजेची करवत. लेक म्हणाला, "आई, लोक काशीला जातात." म्हटलं, तू जा. गेलं वर्षभर दारावरच्या पाट्या, मोबाईलचे स्टँड, समईखालचे पाट असलं सोपं सोपं केलं, ते निभावलं. आता भाचीच्या रुखवतात ठेवायला बांगडीमोराची जाळी काढायला घेतलीय. पैठणीच्या पदरावर गोलात मोर असतात ना, तेच. ९ बाय ९ इंच, ६ मिलिमीटर जाडीचं जुनं सागवान (वाड्याच्या दाराची फळी, रंधा मारून घेतलेली), आणि आत कापायची भोकं ७४. म्हणजे ७४ वेळा पातं सोडायचं, भोकातून ओवायचं, ताणायचं आणि मग कापायचं. सुईत दोरा ओवण्यापेक्षा वाईट काम आहे.

पहिल्या फळीला कागद फेविकॉलने लावला. कागद ओला होऊन ताणला, गोलाचा लंबगोल झाला. तरी कापलं. शेवटी कागद खरवडून काढताना तुऱ्याची काडी मोडली.

दुसऱ्या फळीला चिकटवायचा स्प्रे. दुकानदार म्हणाला, "बाई, हत्ती चिकटवा." चांगला भरपूर फळीवर मारला. पंचविसाव्या भोकापर्यंत झकास. मग पिसाऱ्यापाशी कागद पोपडा सुटल्यासारखा उचलला. मशीनला भुस्सा उडवणारी हवेची नळी आहे, ती नेमकी त्या पोपड्याखाली फुंकर घालते. कागद फडफडला, रेघ दिसेना, पातं मोराच्या डोळ्यातून आरपार.

कुणी कार्बन पेपरने गिरवा म्हणेल म्हणून आधीच सांगते, गिरवून झालंय. सागवानाच्या गडद रंगावर निळी रेघ दिसत नाही, आणि दिसली तर हाताच्या घामाने पुसते.

दासोपंतांनी याच गावात कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला, आणि मला एक कागद फळीवर चार तास धरवत नाही. लग्नाला तीन आठवडे आहेत. जुन्या फळीचा एकच तुकडा उरलाय.

सुतार जालनावाला

बाई, रामराम. सागवान तेलकट लाकूड. जुनं असलं तरी रंधा मारला की आतलं तेल नव्यानं वर येतं. त्याच्यावर तुम्ही काहीबी चिकटवा, वरवर धरतं. आधी पांढऱ्या चिंधीवर थिनर घ्या अन् फळी पुसा. चिंधी पिवळी व्हईल. दुसरी चिंधी घ्या, पुन्हा पुसा. पिवळी व्हायची थांबली की दहा मिनिटं वाळू द्या अन् मग लगेच चिकटवा, उद्यावर ठेवू नका. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस, उदबत्ती काही नको. अन् सागाचा भुस्सा लई बारीक, नाकाला फडकं बांधूनच बसा.

मह्या बापाच्या काळात मैद्याची खळ लावायचे, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकून. ओल्या फडक्यानं कागद निघून यायचा. पण त्यांचं काम मोठं, पाळण्याच्या कठड्याचं. तुमच्या नाजूक कामाला पाणी नको, सागाची रेष उठते.

झेरॉक्सवाला परभणी

बाई, एकच विचारतो. काम करता तिथं कूलर चालू असतो का?

चित्रकलाबाई, अंबाजोगाई

असतो की! मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत कूलरशिवाय बसले तर माझाच पोपडा सुटेल. पण तुम्हाला कसं कळलं?

झेरॉक्सवाला परभणी

आमच्या दुकानात दर उन्हाळ्यात हेच. कूलर म्हणजे पाण्याची हवा. कागदाची रिम त्याच्या झोतात राहिली की कडांना लाटा येतात अन् मशीनमधी अडकायला सुरू. कागद दमट हवा पिऊन काही मिनिटांत फुगतो, तुमची फळी तेवढ्यात हलत पण नाही. एक फुगायलंय, एक जागेवर हाय, मग मधला गोंद कुणाचं ऐकणार? लाईट गेली की उलटं, पुन्हा सुकून आखडतो. दिवसातून चार वेळा असं झालं की कागद सुटलाच समजा.

अन् स्प्रे मारताना पंखा कूलर दोन्ही बंद करा. आपल्याकडच्या ४२ डिग्रीत वाऱ्यावर मारला तर थेंब हवेतच सुकतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू होऊन पडतात. दिसायला भरपूर, चिकटायला काही नाही. तुमच्या फळीवर तसे तंतू होते का आठवा.

घरच्या शाईवाल्या प्रिंटरवर नक्षी काढत असाल तर तेही बंद करा, ओल्या हाताने शाई पसरते. दुकानातून झेरॉक्स आणा, तिची पावडर भाजून बसलेली असते. फक्त झेरॉक्स १०० टक्क्यावरच काढायला सांगा. पोरं गडबडीत ९७ वर मारून देतात, आमची पण.

लेझर किंग, छत्रपती संभाजीनगर

मॅडम, फाईल पाठवा, लेझरवर वीस मिनिटांत कापून देतो. कशाला एवढा त्रास?

फावला वेळ लातूर

लेझर किंग भाऊ, मग रुखवतात तुमचं नाव लिहावं लागेल.

ताई, मी पाच वर्षं हेच करतो, तर माझी रीत सांगतो. कागद लाकडाला चिकटवायचाच नाही. आधी फळीवर मास्किंग टेपच्या पट्ट्या लावायच्या, रंगारी खिडकीच्या काचेला लावतात ती. पट्टीला पट्टी भिडवून, एकावर एक चढवू नका. मग स्प्रे कागदाच्या पाठीवर, एक वीत लांबून, एकच हात. तुम्ही फळीवर मारला आणि भरपूर मारला, दोन्ही चुकलं. अर्धा मिनिट थांबायचं, बोट लावून बघायचं, चिकट लागलं पण बोटाला काही आलं नाही की टेपवर बसवायचा. मधून कडेकडे लाटणं फिरवा. घरातलं लाटणं चालतं, नंतर धुऊन ठेवा म्हणजे घरात बोंब होत नाही.

त्याच्यावर पारदर्शक पॅकिंग टेप, खोके बंद करायची. मला सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला. कागदाची कड तिच्याखाली दाबलेली राहते, कूलरची दमट हवा लागत नाही, हवेची नळी काही उचलू शकत नाही. वर आणखी फायदा, पातं तापून वळणावर जे काळे डाग पडतात ते जवळजवळ बंद होतात. सागवान, शिसम अशा कडक लाकडाला तर मी आता हिच्याशिवाय हात लावत नाही.

आता दोन शंका. पातं उलटं तर नाही लावलं? मशीन बंद करून पात्याच्या दाताकडून बोट अलगद वर न्या, मग खाली. वर जाताना बोट अडकलं पाहिजे, खाली येताना गुळगुळीत. उलटं असेल तर प्रत्येक फेरीला ते कागद वर ढकलणार. आणि खालचे काही दात मुद्दाम उलटे असलेलं पातं वापरत असाल, तर पातं सगळ्यात वर असताना त्यातले दोन-तीनच दात टेबलाच्या वर दिसावेत. जास्त दिसले तर फळीच उचलते, नाचते.

आणि डोळा शेवटी का कापता? बारीक काम आधी. कागद ताजा असतो, फळी भरीव असते. मधल्या डोळ्यापासून सुरू करून पिसाऱ्याकडे, बाहेरचा गोल सगळ्यात शेवटी.

चित्रकलाबाई, अंबाजोगाई

डोळा शेवटी का, तर चित्रात आम्ही डोळा शेवटी काढतो. मूर्तिकारही तसंच करतात. चाळीस वर्षांची सवय हो. पातं सरळच होतं, बोट फिरवून पाहिलं. तंतू मात्र होते, परभणीकर. मला वाटलं स्प्रे असाच असतो.

चित्रकलाबाई, अंबाजोगाई
(नऊ दिवसांनी)

झालं! ७४ पैकी ७४.

थिनरच्या तीन चिंध्या पिवळ्या झाल्या, चौथी पांढरी राहिली. स्प्रे ओसरीत मारला, वारा पडलेला बघून. कूलर बंद ठेवायचा म्हणून काम पहाटे साडेपाच ते नऊ. दूधवाला रोज विचारायचा, बाई गिरणी टाकली का. डोळा पहिल्या दिवशी पहिला. कागदाची एक कड हलली नाही, डाग नाही.

माझा एक आगाऊपणा सांगून ठेवते. काम संपलं त्या दिवशी टेप काढायला हवी होती. मी म्हटलं, बहिणीला कागदासकट दाखवू, आणि फळी दोन दिवस पत्र्याच्या खोलीत राहिली. त्या उष्म्यात मास्किंग टेपचा डिंक लाकडात उतरला. सरळ वर ओढली तर पिसाऱ्यातली एक काडी वाकलेली दिसली, तिथेच हात थांबवला. मग ब्रशने टर्पेंटाइन लावून पाच मिनिटं थांबले, आणि टेप मागे दुमडत, फळीला चिकटून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने सोलली. दीड तास लागला. काडी शाबूत.

आता पॉलिश. ७४ भोकांच्या आतल्या कडांना ब्रश कसा पोचवायचा, जालनावाले?

सुतार जालनावाला

ब्रश नका लावू. टर्पेंटाइन दोन दिवस उडू द्या. मग पसरट ताटात उकळलेलं अळशीचं तेल अन् टर्पेंटाइन निम्मं निम्मं, फळी बुडवा, निथळा, अर्ध्या तासानं सुती कपड्यानं टिपून घ्या. अन् ती तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका बरं, आपोआप पेट घेते. बादलीत पाण्यात टाका.

लेझर किंग, छत्रपती संभाजीनगर

मॅडम, फोटो टाका ना.