मदत हवी: तालुक्याकडच्या गावात ओपन सोर्सचा एक दिवसाचा मेळावा घ्यायचाय, पण त्याचा सत्कार समारंभ होऊ द्यायचा नाही

खडूफळा:

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावात आम्ही सात-आठ जण ओपन सोर्सचा (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा) एक दिवसाचा मेळावा घ्यायच्या खटपटीत आहोत. मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवते. बाकीच्यांत इंजिनिअरिंगची दोन पोरं, सेतू केंद्र चालवणारे एक भाऊ, डीटीपीवाले एक काका आणि लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आलेला, मग इथेच रमलेला एक प्रोग्रॅमर. संस्था नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तेवढाच.

दिवसभरात तीन कामं करायची आहेत. पहिलं, जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली सिस्टिम टाकायची. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ चालत नाही अशी मशीनं आमच्याकडे घरोघरी आहेत. दुसरं, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधून युनिकोडकडे, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीकडे, कसं यायचं. डीटीपीवाल्या काकांची पंधरा-वीस वर्षांची कामं कृतिदेवमध्ये अडकली आहेत, फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तिसरं, ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, आमच्या गावातले पांदण रस्ते, विहिरी आणि उपकेंद्र टाकायचं. भाषणं नाहीत. टेबलाला टेबल लावायचं, बसायचं, काम करायचं. साधारण चाळीस लोक येतील असा अंदाज आहे.

अडचण जागेची आहे. गावातल्या एका पुढाऱ्यांनी त्यांचं मंगल कार्यालय फुकट देऊ केलंय, वर जेवण आणि जनरेटर. माणूस वाईट नाही, मनापासून म्हणतात. पण त्यांच्या कार्यकर्त्याने दुसऱ्याच दिवशी पत्रिकेचा नमुना पाठवला. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, स्वागतोत्सुक मिळून नावांचे दोन रकाने भरलेत. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. आमच्या कामाला उरलीय ती 'भोजनोत्तर सत्र' अशी एक ओळ, आणि त्यातही लिनक्सचं 'लायनेक्स' झालंय.

नाही म्हटलं तर गावात राहायचंय. हो म्हटलं तर दुपारी तीनपर्यंत पोरं खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवणार, आणि साडेचारला परतीच्या एसटीची वेळ. तुमच्यापैकी कोणी गावाकडे असा कार्यक्रम घेतला असेल तर सांगा: मदत घ्यावी पण दिवस हातचा जाऊ नये, हे कसं जमवलं? शिवाय लाइट आणि नेटचं काय करता? सॉफ्टवेअर फ्रीडम डे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो, म्हणून आम्ही १९ सप्टेंबर धरून चाललो होतो.

तर्रीपोहा:

ताई, नेटचं टेन्शन काहून घेऊन राहिल्या? नेट लागतच नाही, किंवा लागलं तरी नावाला.

लिनक्स मिंट म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, त्याची इन्स्टॉलची फाइल (आयएसओ) तीन जीबीच्या आसपास असते. वीस जणांनी तिथे बसून उतरवायची म्हटली तर साठ जीबी झाले. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे होणे नाही, दहाएक मशीनं जोडली की तो तसाही हात वर करतो. आदल्या आठवड्यात यवतमाळला किंवा जिथे बरं नेट असेल तिथे सगळं उतरवून घ्या. पाच-सहा पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय हे सॉफ्टवेअर टाका. मग आयएसओ फाइल नुसती कॉपी करायची, एकाच पेन ड्राइव्हवर मिंट, डेबियन (लिनक्सचा दुसरा प्रकार), जे पाहिजे ते राहतं आणि बूट करताना निवडता येतं. पेन ड्राइव्ह यूएसबी ३चे घ्या. २चे घेतले तर इन्स्टॉल होईपर्यंत चहाच्या तीन फेऱ्या होतात.

इन्स्टॉल झाल्यावर अपडेट मागते, तिथे खरी गोची आहे. एका लॅपटॉपवर एपीटी-कॅशर-एनजी हे पॅकेजं साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर लावून ठेवा. पहिल्या मशीनने उतरवलेलं पॅकेज बाकीच्यांना तिथूनच मिळते. लागणारी पॅकेजं आधीच त्यात भरून ठेवली तर राउटरला बाहेरचं नेट नसलं तरी चालते, आतलं वायफाय पुरते.

मशीनी किती जुन्या आहेत ते आधी लिहून घ्या. २ जीबी रॅमवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालते, पण ब्राउझर उघडला की रडते. ३२ बिटवाली मशीन असेल तर मिंटचा नवा अवतार बसतच नाही. डेबियन १२ हे ३२ बिटसाठी इन्स्टॉलर असलेलं शेवटचं, १३ मध्ये तो काढून टाकला. ते पेन ड्राइव्हवर असू द्या.

बाभूळबन:

नेट-बिट नंतर. पुढाऱ्याचं बोलू, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

मी आमच्याकडे, बुलडाणा जिल्ह्यात, असले कार्यक्रम बरेच निभावलेत. माझं मत असं की पुढाऱ्याला टाळायचं नाही, त्याची वेळ बदलायची. सकाळी दहाचं उद्घाटन म्हणजे साहेब साडेबाराला येणार आणि तोवर कोणी कशाला हात लावणार नाही. त्यांना सांगा, 'भाऊ, तुम्ही दोन वाजता या, पोरं काम करताना दिसली पाहिजेत, फोटो तेव्हा चांगला येतो.' फोटोचं कारण सगळ्यांना पटतं. आले की एखाद्या पोरीशेजारी खुर्ची टाका आणि तिला नकाशावर त्यांच्याच शेताकडे जाणारी पांदण काढून दाखवायला लावा. अर्धा तास ते तिथून हलणार नाहीत. त्यांच्या हाताने एक विहीर टाकून घ्या, झालं उद्घाटन.

दुसरं, स्टेज ठेवूच नका. मंगल कार्यालय घेतलं की स्टेज आयतं मिळतं, आणि स्टेज रिकामं राहिलं की आपल्याकडे कोणाला ना कोणाला त्याच्यावर चढावंसं वाटतंच. त्यापेक्षा सार्वजनिक वाचनालय बघा. टेबलं असतात, प्लग असतात आणि लोकांना तिथे गप्प बसायची सवय असते. सतरंज्या आणि जादा टेबलं बिछायत केंद्रातून आणा. पुढाऱ्यांकडून फक्त जेवण घ्या. जेवण दिलं याचा मान जागा दिल्यापेक्षा जास्त असतो आपल्याकडे.

बॅनरवर 'भोजन सौजन्य' म्हणून नाव टाका, फोटोसकट. तिथे कंजुषी करू नका.

खडूफळा:

बाभूळबन दादा, दोन वाजताची युक्ती आवडली. वाचनालयाचं मनात होतं, पण तिथे इन्व्हर्टर आहे आणि जनरेटर नाही. सप्टेंबरात आमच्याकडे जरा गडगडलं की लाइट जाते. ती दहा मिनिटांत येईल की संध्याकाळी, ते डीपीवर.

शिवाय वाचनालयाचे कार्यवाह म्हणतात, 'अध्यक्षांना तरी बोलवावं लागेल.' म्हणजे पुढारी गेला आणि अध्यक्ष आले.

सोंगणी:

तारीख बदला, मग अध्यक्ष-पुढारी आपोआपच टळतील.

१९ सप्टेंबर म्हणता, पण यंदा गणेश चतुर्थी १४ला आहे. १९ला गणपती बसलेले असतील, महालक्ष्म्याही त्याच आठवड्यात. घरच्या पोरी-सुना त्या दिवसांत लॅपटॉप घेऊन बसणार आहेत का? मंडळाची पोरं वर्गणीत गुंतलेली, डीजेचा आवाज वेगळा.

त्यापेक्षा रविवार २७ सप्टेंबर घ्या. पितृपक्ष लागलेला असतो. लग्नं नाहीत, वास्तू नाहीत, मुहूर्त नाहीत. हॉल रिकामा, बिछायतवाला रिकामा, आचारी रिकामा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पितृपक्षात कोणताच पुढारी नारळ फोडायला येत नाही. तुम्ही आपले भक्तिभावाने आमंत्रण द्या, तेच म्हणतील 'पंधरवडा आहे, तुम्ही करून घ्या.'

योगायोग म्हणजे रिचर्ड स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली ती २७ सप्टेंबर १९८३ला. कोणी विचारलंच 'अशा दिवसांत काहून?' तर वाढदिवस आहे म्हणून सांगता येते.

बाभूळबन:

हे भारी आहे. मान गये.

काळीमाती:

सोंगणी भाऊ, नाव सोंगणी ठेवलं आणि सोयाबीनच विसरले? लवकरचं वाण असेल तर सप्टेंबरच्या शेवटी सोंगायला येते. मजूर मिळत नाही, घरची पोरं शेतात. त्यात पाऊस उघडला की एक दिवस कोणी सोडत नाही. ताईंच्या ग्रुपमधली पोरं शेतकऱ्यांचीच असतील ना?

सोंगणी:

म्हणूनच २७ म्हटलं, ४ ऑक्टोबर नाही म्हटलं. ४ला खरी धांदल असते. आणि मग दसरा-दिवाळी, त्यानंतर कापूस वेचणी. शेतीचं बघत बसलो तर मे महिना उरतो, आणि मेमध्ये आपल्याकडे लॅपटॉप काय, माणूसही हँग होते.

डीपी_जळाली:

लाइटचं मी सांगतो, धंदाच तो आहे.

वाचनालयात इन्व्हर्टर आहे म्हणता, बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची) ते पाहा. बहुतेक १५०ची एकच असते. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हाती येतात त्याच्या निम्मे ते दोन तृतीयांश. एक लॅपटॉप चालू कामात ४०-५० वॉट खातो. म्हणजे दहा लॅपटॉप अडीच तासांच्या वर धरू नका, तेही पंखे बंद ठेवून. बॅटरीत पाणी आहे का ते आठवडाभर आधी बघा. वाचनालयाच्या बॅटरीत पाणी कोणीच टाकत नाही.

आता महत्त्वाचं. ज्या लॅपटॉपची स्वतःची बॅटरी मेलेली आहे, तीच मशीनं इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, बाकीची साध्या लाइनवर. डिस्कचं पार्टिशन लहान-मोठं होत असताना लाइट गेली तर त्या माणसाचा डेटा गेला, आणि गावात तुमचं नाव गेलं. दारात एक पोरगं बसवा, तो प्रत्येक मशीनचा चार्जर काढून पाच मिनिटं चालते का बघेल आणि टेप चिकटवेल. लाल म्हणजे इन्व्हर्टर, निळा म्हणजे साधी.

६ अँपिअरच्या एका प्लगवर १३८० वॉटच्या वर जायचं नाही. ६५ वॉटचे वीस चार्जर लावले की तेवढ्यातच आलं ते. म्हणून एकाच प्लगवर एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडू नका, वेगवेगळ्या खोल्यांतून ओढा. चहाची इलेक्ट्रिक किटली त्या लाइनवर दिसली तर उचलून बाहेर ठेवा. अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसलं की लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात, आणि एखाद्या पोरीला एकदा झिणझिणी बसली की ती परत शिवत नाही मशीनला.

ठसा_जुळत_नाही:

सेतूवाल्या भाऊंसाठी: कामाच्या मशीनवर लिनक्स टाकू नका. बोटाच्या ठशाच्या मशीनला लागणारं सॉफ्टवेअर, म्हणजे आरडी सर्व्हिस, बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असते. रविवारी लिनक्स टाकलं आणि सोमवारी केवायसीला लाइन लागली तर माणसं तुम्हाला शिव्या देतील, ओपन सोर्सला नाही. त्यांचा घरचा दुसरा लॅपटॉप असेल तो आणू द्या.

नव्या लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते आधी पाहा. रिकव्हरी की लिहून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. बॅकअप ज्याचा त्याने घरून घेऊन यायचा, हे आमंत्रणातच मोठ्या अक्षरात टाका.

मायलेक:

मुलींबद्दल कोणी काही बोललं नाही म्हणून लिहिते. मी अमरावतीकडची, असे दोन-चार कार्यक्रम जवळून पाहिलेत.

साडेचारची एसटी असेल तर कार्यक्रम पावणेचारला संपवा, 'थोडा वेळ थांबा' नको. पोरगी एकदा अंधारात घरी पोचली की पुढच्या वेळी घरचे पाठवत नाहीत. आयांना सोबत बोलवा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई बरोबर येते म्हटलं तरी खर्च फार वाढत नाही. आईला नुसतं बसवून ठेवू नका. फोनवर मराठी टायपिंग किंवा स्ट्रीटकम्प्लीट हे ओपनस्ट्रीटमॅपवर माहिती भरायचं ॲप दाखवा. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं एवढंच असतं त्यात, गल्लीची माहिती तिला तुमच्या इंजिनिअर पोरांपेक्षा जास्त असते. परिसर आधी वायफायवर उतरवून ठेवला तर बाहेर फिरताना नेट लागत नाही, परत आल्यावर चढवता येतं.

फोटो काढायच्या आधी विचारायचं, हे दारावर लिहून लावा. स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे ते सकाळीच पक्कं करा. वाचनालयांत ती हमखास शिपायाकडे असते आणि रविवारी शिपाई नसतो.

तर्रीपोहा:

नकाशावरून आठवलं, गूगल मॅप्स बघून ओपनस्ट्रीटमॅपवर नावं चढवायची नाहीत. लायसन्समध्ये बसत नाही. पायी फिरून किंवा तिथल्या माणसाला विचारूनच. पोरांना हे आधी सांगा, नाहीतर ती उत्साहात अख्खा तालुका चढवतात आणि मग कोणीतरी बसून सगळं उलटवतं.

पैशाचं: कोणाच्या तरी खासगी फोन पेवर जमा करणारच असाल तर एक शीट उघडी ठेवा, आलेला रुपया आणि गेलेला रुपया सगळ्यांना दिसू द्या. फॉस युनायटेड ही संस्था अशा कार्यक्रमांना अनुदान देते, अर्ज करून बघा. पण पहिल्या वेळी मला वाटते लागणार नाही. जेवण निघालं की उरते काय, टेबलं आणि चहा.

खडूफळा:

सगळ्यांचे आभार. काल ग्रुपमध्ये बसलो होतो. तारीख २७ सप्टेंबर, जागा वाचनालय. काळीमाती भाऊंचं बरोबर आहे, दोघांच्या घरी सोयाबीन तेव्हाच येणार आहे. ती पोरं आदल्या आठवड्यात पेन ड्राइव्ह भरून देतील आणि त्या दिवशी आलीच तर दुपारनंतर येतील.

पुढाऱ्यांकडे मी आणि डीटीपीवाले काका जाऊन आलो. पितृपक्ष म्हटल्यावर ते स्वतःच म्हणाले, 'मग माझं नाव नको टाकू बाई, जेवण पाठवतो.' बॅनरवर 'भोजन सौजन्य' लिहायला मात्र हो म्हणाले. वाचनालयाच्या अध्यक्षांनाही दोन वाजताची वेळ दिलीय. त्यांची जुनी टायपिंगची परीक्षा झालेली आहे म्हणे, तर त्यांना युनिकोडच्या टेबलावर बसवणार.

एक प्रश्न राहिला. इन्व्हर्टरची बॅटरी बघितली, डीपी_जळाली भाऊ म्हणतात तशीच कोरडी आहे. कार्यवाह म्हणतात नवी घ्यायला ठराव लागतो. एका दिवसापुरती बॅटरी कुठे भाड्याने मिळते का?

डीपी_जळाली:

बिछायतवाल्याला विचारा, लाउडस्पीकरवाले ठेवतात. नाही मिळाली तर ट्रॅक्टरची काढू नका, इन्व्हर्टरवर खोल उतरली की खराब होते आणि ज्याची आहे तो बोलेल. माझं गाव आर्णीकडे, माझ्याकडे एक १५०ची आहे. शनिवारी संध्याकाळी आणून लावून देतो. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन तेवढे आणून ठेवा, वाचनालयाचीही भरून पाहू.