सोसायटी ग्रुप: महिला राखीवच्या दोन जागा

सेक्रेटरी: नमस्कार 🙏 कमिटीच्या निवडणुकीचे अर्ज शनिवारपर्यंत द्यायचे आहेत. महिला राखीवच्या दोन जागा अजून रिकाम्या. कोणत्याही दोन वहिनींनी फक्त नाव द्यावं. काम काही नाही, मिनिट्स बुकात सह्या तेवढ्या.

क-४०२: मागच्या वेळी आमच्या हिचं दिलं होतं. आता दुसरं कुणीतरी बघा 😄

ब-३०४ काकू: माझं लिहा. पण काम काही नसेल तर नको.

सेक्रेटरी: काकू तुम्ही? अहो, कशाला या वयात दगदग!

अ-५०१: काकू, गणपतीत मोदकांचं सगळं तुम्हीच बघता, तेच केवढं मोठं काम आहे!

ब-३०४ काकू: मोदक करतेच, यंदाही करीन. त्याचा नि याचा काय संबंध?

काकूंचा मुलगा (बंगळूर): आई, तू कशाला या भानगडीत पडतेस? गुडघ्याचं ऑपरेशन आत्ता झालंय. आराम कर ना.

ब-३०४ काकू: गुडघा बदललाय रे, डोकं जुनंच आहे.

ड-२०३: काकूंसाठी खास 👇 मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा. ८ मार्च २०१६ ला सुरू झाली. साठीच्या, सत्तरीच्या, नव्वदीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन जातात. किती गोड ना! आपणही असं काहीतरी करू या का, दुपारचं? टाइमपासही होईल.

ब-३०४ काकू: वाचलंय मी त्यांच्याबद्दल. त्या बायकांना पोथी स्वतःची स्वतः वाचायची होती. बँकेत अंगठा द्यायचा नव्हता, सही करायची होती. त्यात गोड काय आहे? आपण साडीचा रंग बघतो आणि हार्ट पाठवतो.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहिते, लांबलं तर सोडून द्या. सगळे आराम कर म्हणता ते मायेनं, कळतं मला. पण आराम म्हणजे दिवसभर नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. जाग साडेपाचला येतेच. आधी डबे होते, मग नातीची शाळा, मग ह्यांचं आजारपण. आता नऊ वाजता ओटा पुसून होतो आणि पुढे अख्खा दिवस. बागेतल्या बाकावर बसावं तर तिथे कोण किती गोळ्या घेतं त्याचीच चर्चा. कुणी मला काही विचारत नाही. म्हणजे "जेवलीस का" विचारतात. "तुला काय वाटतं" असं नाही विचारत.

हे गेले तेव्हा सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट पहिल्यांदा हातात आलं. बिल्डिंग झाल्यापासून इथे राहते, आणि त्यावर माझं नाव नव्हतं. नॉमिनेशन होतं म्हणून निदान फार हेलपाटे न घालता नाव चढलं. त्या वेळी अ-१०२ ताईंनी उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं, पुस्तक दिलं, ते रात्री झोप येईना म्हणून वाचायला घेतलं. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. म्हटलं, हे तर भिशीपेक्षा सोपं आहे! वीस बायकांची भिशी चालवली मी, वहीत एक रुपया इकडचा तिकडे नाही. पुस्तकात हेही आहे की इमारत तिशीपुढे गेली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं. आपलं शेवटचं कधी झालं?

सेक्रेटरी: फाईल बघून सांगतो काकू.

अ-३०१ आजी: मला नाही बाई हे जमायचं. माझी ज्ञानेश्वरी आणि दुपारची झोप, बास. काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

ब-३०४ काकू: तुम्हाला पुरतं ना आजी, मग झालं. मला पुरत नाही, एवढंच.

अ-१०२ (वकील): या जागा का रिकाम्या राहतात तेही बघा. सहकार कायद्यातलं कलम ७३ क महिलांना दोन जागा देतं, पण उभं राहायला आधी मेंबर असावं लागतं, आणि आपल्याकडे बहुतेक फ्लॅट नवऱ्याच्या नावावर. बायकोला सहयोगी सदस्य करून घेता येतं, पण तिथेही मेंबरची लेखी संमती लागते. म्हणजे दार आहे, किल्ली दुसऱ्याच्या खिशात. नवऱ्यामागे मेंबर झालेल्या काकू आत्ता कुठे "पात्र" ठरल्या, हे मला तरी विचित्र वाटतं.

क-५०३: ताई, एवढं कोर्ट नको ग्रुपवर 🙏

क-४०२ ताई: पहिल्यांदाच लिहितेय इथे. मागच्या पाच वर्षांत मिनिट्स बुकात माझ्या सह्या आहेत, पण मी एकाही मीटिंगला नव्हते. हे खाली जायचे, मी वही घरी आल्यावर सही करायची. मीटिंग रात्री साडेनऊला. तेव्हा बायका कुठे असतात, सगळ्यांना माहीत आहे.

क-४०२: अगं, घरी बोलू ना.

क-४०२ ताई: घरीच बोलत होते आजवर.

काकूंचा मुलगा (बंगळूर): आई, उपविधींची पीडीएफ पाठवू का? मोबाइलवर मोठं करून वाचता येईल.

ब-३०४ काकू: पुस्तक आहे रे. पेन्सिलीनं खुणाही केल्यात. तू फक्त एक्सेल शिकव मला, रविवारी फोन करशील तेव्हा.

सेक्रेटरी: काकू, फाईल मिळाली. शेवटचं ऑडिट २०१७ चं आहे.

ब-३०४ काकू: बरं. आधी फॉर्म भरते. सूचक अ-१०२ ताई आहेत, अनुमोदक हवाय. आणि मी आले तर मीटिंग संध्याकाळी सातला घ्यायची, हे आत्ताच सांगून ठेवते.

क-४०२ ताई: अनुमोदक मी. दुसरा फॉर्मही आणा माझ्यासाठी, सर्टिफिकेटवर दुसरं नाव माझंच आहे. पोळ्या झाल्या की खाली येते सहीला.