लुमीवर एका नोडला जीपीयू चार की आठ?

अनुजा_स्टॉकहोम: आमच्या ग्रुपला लुमीवर (फिनलंडमधला महासंगणक) वेळ मिळालाय. सीएफडीचा (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं गणित) कोड कूडात, म्हणजे एनव्हिडियाच्या जीपीयूंच्या भाषेत होता, हिपिफाय हे रूपांतराचं टूल चालवून हिपवर, म्हणजे एएमडीच्या तशाच भाषेत आणला. उत्तरं जुळतात. पण नोडला (महासंगणकातला एक संगणक) एएमडीची एमआय२५०एक्स कार्डं चारच असताना स्लर्म (जॉब वाटणारी प्रणाली) आठ जीपीयू दाखवतो. आणि आठ रँक (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) लावून वेग एका रँकपेक्षाही कमी! कुणी चालवलंय का?

सोलापुरी_चादर: कार्डं चारच. पण प्रत्येकाच्या पोटात दोन चिप, म्हणून स्लर्मच्या लेखी आठ. मेमरीही तशीच वाटलेली: कार्डाला १२८ जीबी, एका रँकच्या वाट्याला ६४.

आता वेगाचं. जॉब चालू असताना नोडवर रॉकएम-एसएमआय (जीपीयू किती राबतायत ते दाखवणारी कमांड) लावून बघ. एकच जीपीयू राबतोय आणि सात झोपलेत असं दिसलं, तर सगळ्या रँक शून्य नंबरवर जाऊन बसल्यात. रॅपर स्क्रिप्टमध्ये (प्रोग्राम सुरू करून देणारी छोटी स्क्रिप्ट) प्रत्येक रँकला तिच्या स्लर्म लोकलआयडीचाच, म्हणजे नोडवरच्या तिच्या नंबरचाच जीपीयू दिसू दे.

खरी गोम पुढेच आहे. शून्य नंबरचा जीपीयू सीपीयूच्या शून्य नंबरच्या कोअरशेजारी नाही, तो ४८ ते ५५ शी जोडलाय. त्यात दर आठ कोअरमधला पहिला सिस्टीमने स्वतःकडे ठेवलाय, म्हणजे ६४ पैकी ५६ च आपले. म्हणून सीपीयू-बाइंडचा (कुठली रँक कुठल्या कोअरवर बसवायची) क्रम असा विचित्र: ४९, ५७, १७, २५, १, ९, ३३, ४१. पाठ करू नकोस, सरळ चिकटव.

पोळी_पास्ता: एवढा खटाटोप कशाला? इटलीत बोलोन्याच्या लिओनार्दो महासंगणकावर एनव्हिडियाची कार्डं आहेत, कूडा आहे तसा चालेल.

सोलापुरी_चादर: वेळ लुमीवर मिळालाय ना राव! शिवाय हिपचा कोड एनव्हिडियासाठीही कम्पाईल होतो. एकदा आणलाय तर परत कशाला जायचं?

अनुजा_स्टॉकहोम: सगळ्या शून्यावरच होत्या 🙈 रॅपर लावला, आता आठही चालतायत. बाइंडिंग उद्या. या रिकाम्या जीपीयूंचा वेळही कोट्यातून गेला का?

सोलापुरी_चादर: स्टँडर्ड-जी रांगेत असशील तर गेला. तिथे नोड अख्खा मिळतो, तासाला चार जीपीयू-तास कापतात (बिलात चिप नाही, कार्डं मोजतात), तू एक वापर नाहीतर आठ. (लुमीची उष्णता काजानी गावातली घरं तापवायला जाते. झोपलेल्या जीपीयूंनी तेवढंही पुण्य लागत नाही.) छोट्या चाचण्या स्मॉल-जीवर कर, तिथे जेवढे मागशील तेवढ्याचंच बिल. आणि चेकपॉइंट (पुढे तिथूनच सुरू करता यावं म्हणून साठवलेली मधली स्थिती) लिहितेस ना? स्टँडर्ड-जीवर ४८ तासांनी जॉब मारतात.