मदत हवी आहे: कापडी बूट शिवतेय, पुढे चुण्या पडतात आणि टाच निसटते

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. पिशव्या, पाऊच, लॅपटॉपची कव्हरं असलं जाड कापडाचं शिवणकाम मी बरीच वर्षं करतेय, मशीनवर हात बसलाय, त्यामुळे रोज घालता येतील असे साधे कापडी बूट घरीच बनवायचं खूळ डोक्यात शिरलं आणि लागले कामाला. टेबलावर ठेवले की झकास दिसतात, पायात घातले की सगळी गंमत बाहेर येते.

कसं केलंय ते आधी सांगते म्हणजे घोळ कुठे आहे ते कळेल. तयार फर्मा (ज्यावर चढवून बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा) घेतला नाही, पायात जुना मोजा घालून त्यावर मास्किंग टेप गुंडाळली, मधोमध रेघ मारून कापली आणि सपाट करून कागदावर पॅटर्न उतरवला. वरचं कापड सुती, साध्या घट्ट विणीचं, साधारण ३५० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), आतून सगळीकडे बुकरम (कडकपणासाठीचं कापड) इस्त्रीने फ्यूज केलंय आणि वर पातळ अस्तर. पुढचा भाग अखंड, बाजूचे दोन तुकडे, टाचेवर उभी शिलाई. कापडाला पट्टे आहेत, ते बाजूंवर तिरपे आले की भारी दिसतात म्हणून बाजू तिरप्या कापल्या. खालची कड आत वळवून कडक इनसोलवर (बुटाच्या आतल्या तळावर) सोल्युशनने म्हणजे बुटाच्या गोंदाने चिकटवली, त्याखाली रबरी शीटचा सोल. आणि सगळं झाल्यावर आत ५ मिमी जाडीची मऊ गादी टाकली कारण आराम हा मुख्य हेतू होता.

आता तक्रारी. बोटांपाशी अंगठ्याच्या आणि करंगळीच्या कोपऱ्यावर जाड चुण्या येतात, कितीही ओढलं तरी जात नाहीत. थोडं चालल्यावर बाहेरची बाजू फुगते, पाय सोलवरून बाहेर लोंबल्यासारखा होतो. टाच प्रत्येक पावलाला वर येते, लेस आवळून काही फरक नाही. सोल्युशनचे पिवळे डाग कापडातून वर उमटलेत. आणि लेसच्या भोकांपाशी दशा सुटायला लागल्यात. हे सगळं घरच्या मशीनवर जमणारं आहे का की कापड हा बुटाचा मालच नाही?

फर्मेवाला:
कापड बुटाचा माल आहेच हो, फक्त त्याला चामड्यासारखं वागवायचं नाही. चामडं ओलं करून ओढलं की ताणतं आणि तसंच राहतं, विणलेलं कापड उभ्या धाग्यात जवळजवळ ताणतच नाही, आडव्यात किंचित, आणि उरेबात म्हणजे ४५ अंशात मात्र ते लवतं कारण तिथे धागे लांब होत नाहीत, एकमेकांवर कात्रीसारखे मिटतात. तुमच्या सगळ्या तक्रारींची मुळं बहुतेक इथेच आहेत.

चुण्यांचं बघा. बुटाचं टोक हे गोल घुमट, त्यावर सपाट कापड बसवायचं तर मधल्या रेघेवर ते सरळ बसतं आणि जादा कापड दोन्ही कोपऱ्यांवर जमतं, अगदी तुम्ही म्हणता तिथेच. कापडाने तिथे उरेबात मिटून ते जिरवायला हवं. पण एक तर तुमची वीण घट्ट, आणि वरून तुम्ही बुकरम फ्यूज करून धागेच जखडून टाकलेत, मग मिटणार कसं? पुढच्या तुकड्याच्या टोकाला फ्युजिंग करूच नका. टोकाला कडकपणा हवा असेल तर कापड फर्म्यावर बसल्यानंतर आतून द्यायचा, आधी नाही. कड ओढतानाही क्रम पाळा: आधी अंगठ्यापुढचा मध्य, मग टाचेचा मध्य, मग चवड्याच्या दोन बाजू, आणि कोपरे सगळ्यात शेवटी, तेही एक मोठी चुणी न करता खूप बारीक बारीक वाटून. कापड किंचित ओलसर असेल आणि वरून इस्त्रीची वाफ दिली तर सुती कापड चांगलं बसतं, फर्म्यावरच पूर्ण वाळू द्या. एवढं करूनही नाही जमलं तर टोक वेगळ्या तुकड्याचं करा. ब्लाउजला टक्स घेतल्याशिवाय गोलाई येत नाही, इथेही तेच, फक्त टक्स शिलाईत लपवायचा.

बाजू फुगते त्याला कारण तुमचे ते भारी दिसणारे तिरपे पट्टे. बाजूचा तुकडा उरेबात कापलाय म्हणजे चालताना पाय जिकडे ढकलतो नेमकं तिकडेच तो ताणतो. मग बुकरम आहे तरी कसं ताणलं असं विचाराल, तर पातळ बुकरम पावलागणिक वाकून वाकून सुटतं. उभा धागा नेहमी टोकाकडून टाचेकडे, पुढच्या तुकड्यालाही आणि बाजूंनाही. तिरपे पट्टे हवेच असतील तर जिभेवर (लेसखालच्या पट्टीवर) घ्या, तिला कोणी खेचत नाही. आणि घोट्याभोवतीची वरची कड, ती गोल असल्यामुळे कुठे ना कुठे उरेबात येतेच, तिच्या आत न ताणणारी अरुंद पट्टी शिवून टाका नाहीतर आठवड्याभरात ती कड मोकळी होते आणि मग टाच निसटते.

टाचेचं अजून एक कारण म्हणजे ती ५ मिमीची गादी. बूट गादीशिवायच्या पायावर बेतला आणि नंतर आत गादी सरकवली, म्हणजे अख्खा पाय ५ मिमी वर आला, टाचेचा फुगीर भाग कडेच्या वर गेला, आता धरणार कोण? गादी आधीच फर्म्याच्या तळाला लावून मग कापड चढवायचं.

आणि फर्मा घ्याच. टेपचा पाय म्हणजे पाय, फर्मा नव्हे. फर्मा पायापेक्षा लांब असतो, सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १५ मिमी मोकळं सोडलेलं असतं, टाचेच्या वर मात्र तो पायापेक्षा आत घेतलेला असतो म्हणूनच बूट टाच धरतो. खालची कडही धारदार असते, ती रेघ नसेल तर सोल नीट बसत नाही. नंबरचं गणित सोपं आहे, युरोपियन मापात एक नंबर म्हणजे ६.६७ मिमी. माप संध्याकाळी उभं राहून घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात, आणि दोन्ही पायांचं घ्या.

चिकटपट्टी:
डागांबद्दल. सोल्युशन कापडात पाण्यासारखं झिरपतं, त्यामुळे आधी एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, त्याने विणीची भोकं बुजतात, मग दुसरा हात. बूट फर्म्यावर असताना सोलवर ठेवून कडेने पेन्सिलची बारीक रेघ मारा, त्या रेघेच्या वर मास्किंग टेप लावा आणि सोल्युशन रेघेच्या १-२ मिमी आतच. दोन्ही पृष्ठभागांना लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं आणि मग जीव खाऊन दाबायचं, नुसतं वजन ठेवून रात्रभर वाट बघण्यात अर्थ नाही, पहिला दाब महत्त्वाचा. रबर आधी पॉलिश पेपरने खरवडून धूळ पुसून घ्या. सोल ईव्हीएचा (हलक्या फोमसारख्या प्लास्टिकचा) असेल तर त्याला वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर सालीसारखा निघतो.

सुईदोरा:
बापरे, फ्युजिंगमुळे चुण्या येतील असं स्वप्नातही आलं नव्हतं, पिशव्यांना तर जितकं बुकरम तितकं चांगलं! पण मग बाजू लिबलिबीत नाही का होणार? आणि कड ओढून चिकटवण्याची कटकट टाळता येईल असा काही प्रकार आहे का, पकडीने ओढून माझे मनगट दुखायला लागले.

फर्मेवाला:
बाजूंना फ्युजिंग ठेवा की, फक्त बुकरमची पट्टी धाग्याच्याच दिशेने. टाचेला मात्र कापडावर भिस्त ठेवू नका, अस्तर आणि कापड यांच्या मध्ये कडक काउंटर (टाचेला आकार देणारा तुकडा) घाला आणि त्याची वरची कड खरवडून पातळ करा नाहीतर टाचेला लागते. चवड्यापाशी जिथे बूट वाकतो तिथे उलट, एकही जाड शिलाई आणू नका. एका जागी कडक आणि दुसऱ्या जागी मऊ एवढाच हा खेळ आहे, लोक सगळीकडे सारखंच करतात.

ओढणं टाळायचं तर स्ट्रोबेल पद्धत. तळाच्या आकाराचं मजबूत कापड कापायचं आणि वरच्या भागाची खालची कड त्याला सगळीकडून शिवून टाकायची, दोन्ही कडा जेमतेम भिडतील अशा, मग त्या पिशवीत फर्मा जोर लावून घालायचा. पिशव्या शिवणाऱ्या माणसाला हे आवडणारच. शिलाईसाठी ३-४ मिमी पुरतात, आत वळवायला १५-२० मिमी सोडायची गरज नाही. कारखान्यात वेगळं मशीन असतं, घरी हाताने गुंफून शिवा. टोकाचा मध्य, टाचेचा मध्य आणि चवड्याच्या दोन बाजूंना खुणेच्या चिरा आधी मारून घ्या, टोकाला वरची कड लांब भरते, तिथे धावदोरा घालून फुगा गोळा करावा लागतो.

उलटसुलट:
वरती कोणी बोललं नाही म्हणून, घोट्याचं बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली असतं. बहुतेक घरगुती पॅटर्नमध्ये दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या कापतात आणि बाहेरच्या घोट्याला कड घासून फोड येतो. बाहेरची कड काही मिमी खाली घ्या. पॅटर्न उतरवताना आतली आणि बाहेरची बाजू वेगळी ठेवा, डाव्या उजव्याची गल्लत होऊ नये म्हणून आतल्या तुकड्याला एक चीर मारून ठेवायची.

भोकांच्या दशांना उपाय म्हणजे आयलेट (भोकाची धातूची कडी) ठोकायच्या आधी आतून न ताणणाऱ्या कापडाची पट्टी लावा आणि भोक कात्रीने कापू नका, टोचायच्या आरीने धागे बाजूला सारून करा, धागा तुटलाच नाही तर सुटणार काय? दोरा पॉलिस्टरचाच घ्या, सुती दोरा घामाने कुजतो. सुई १०० नंबरची जीन्सची, टाका ३ मिमीच्या आसपास, फार बारीक टाके मारले तर कापडाला भोकांची रांग पडून तिथूनच फाटतं.

सुईदोरा:
आतली बाहेरची बाजू मी खरंच सारखीच कापली होती, बाहेरच्या घोट्यावर लाल झालंय त्याचा उलगडा आत्ता झाला. शेवटचा प्रश्न, असे बूट धुता येतात का?

फर्मेवाला:
इनसोल पुठ्ठ्याचं असेल तर विसरा, लगदा होतो. स्ट्रोबेलचे धुता येतात, पण कापड आणि अस्तर दोन्ही कापायच्या आधीच धुऊन आटवून घेतलेलं हवं, एकच आटलं तर दुसऱ्यावर सुरकुत्या येतात. गार पाणी, मऊ ब्रश, मशीनमध्ये नाही. गादी काढता येईल अशी सुटी ठेवा, ती वेगळी वाळते. आत पांढरा कोरा कागद कोंबून सावलीत वाळवा, छापील कागद घातला तर शाई अस्तराला लागते.